रिंग वाजते, पण कुणी उचलत नाही : सोळा लाइनींच्या डायल-अप सर्व्हरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण १९९८-९९ मधलं. कंपनी फोनवरून इंटरनेट देणारी, तीन माणसांची, ग्राहक शंभराच्या वर, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट) एकच लीज्ड, म्हणजे भाड्याने घेतलेली कायम जोडलेली, लाइन. ग्राहक घरच्या फोनवरून आमचा नंबर फिरवायचे, मोडेम (संगणकाचा डेटा फोनच्या तारेवरून आवाजाच्या रूपात नेणारी पेटी) किंचाळायचा आणि अर्ध्या मिनिटाने इंटरनेट सुरू व्हायचं. एक भागीदार हिशेब बघायचा, दुसरा ग्राहक आणायचा, यंत्रांची बाजू माझ्याकडे होती. कंपनी ओळखू येईल असं सगळं वगळलं आहे. बाकी घडलं तसं सांगतो.

सुरुवातीला फक्त चार मोडेम होते, एका साध्या पीसीच्या चार सीरियल पोर्टांना लावलेले. पीसीमध्ये कॉम-१ आणि कॉम-३ हे सीरियल पोर्ट ठरल्याप्रमाणे ४ नंबरच्या इंटरप्टवर (प्रोसेसरचं लक्ष वेधायच्या तारेवर) असतात, कॉम-२ आणि कॉम-४ हे ३ नंबरच्या. म्हणजे दिसायला चार पोर्ट, पण एका जोडीतल्या दोघांवर एकदम काम आलं की त्यातला एक गोठायचा. जम्पर (जोडणी बदलायच्या छोट्या क्लिपा) हलवून, मोकळे इंटरप्ट शोधून मी ते कसंबसं मार्गी लावलं होतं. चाळीस ग्राहक होते तोवर निभावलं. शंभर ओलांडले आणि संध्याकाळी सातनंतर आमचा नंबर कायम एंगेज लागायला लागला.

अडचण

लाइनी वाढवायच्या हे उघड होतं. किती, हा प्रश्न होता.

त्या काळी या धंद्यात एक ठोकताळा चालायचा : दहा ग्राहकांमागे एक लाइन. तो वाईट नाही, पण त्यावर पैसे लावायच्या आधी मला हिशेब करून बघायचा होता. टेलिफोन एक्स्चेंजसाठी हा हिशेब आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत असताना मांडला, १९१७ साली. त्याच्या सूत्राप्रमाणे १६ लाइनी असतील आणि गर्दीच्या तासात सरासरी पावणेनऊ-नऊ लाइनींइतकी मागणी असेल, तर शंभरातला एक कॉल एंगेज लागून परत जातो. सरासरी साडेअकरावर गेली की शंभरातले ५ परत जातात, साडेतेरावर गेली की १०. सोळापैकी साडेतेरा म्हणजे अजून अडीच लाइनी शिल्लक आहेत असं वाटतं, आणि तेवढ्यात दहातला एक माणूस दारातून परत गेलेला असतो.

हे सूत्र असं धरून चालतं की एंगेज लागलेला माणूस गप्प बसतो. डायल-अपचा ग्राहक गप्प बसत नाही. त्याचा संगणक आपणहून पुन्हा नंबर फिरवतो, मिळेपर्यंत फिरवत राहतो. त्यामुळे प्रत्यक्षात गर्दी सूत्राने सांगितलेल्यापेक्षा वाईट असते. शिवाय फोनवरचं बोलणं काही मिनिटांत संपतं, इंटरनेटवर बसलेला माणूस तासभर उठत नाही. हे सगळं धरून १६ लाइनी घ्यायच्या ठरल्या. एकच नंबर, हंटिंगवर : पहिली लाइन भरलेली असेल तर कॉल दुसरीवर, ती भरलेली असेल तर तिसरीवर. हा आकडा योग्य होता. पुढे जे बिघडलं ते आकड्यामुळे बिघडलं नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तयार अ‍ॅक्सेस सर्व्हरचा. म्हणजे मोडेमवरून आलेले कॉल इंटरनेटला जोडणारी खास पेटी. लिव्हिंग्स्टन कंपनीचा पोर्टमास्टर २ हा १०, २० किंवा ३० पोर्टांत मिळायचा, सिस्कोच्या २५११ ला १६ पोर्ट होते. भक्कम पेट्या, वीज गेली-आली तरी आपापल्या उभ्या राहणाऱ्या. पण मोडेम बाहेरून वेगळे घ्यावेच लागणार होते, आणि पेटीचीच किंमत आमच्या सगळ्या यंत्रांच्या किमतीहून जास्त होती.

दुसरा, पीसीमध्ये १६ पोर्टांचं मल्टिपोर्ट सीरियल कार्ड घालून त्यावर लिनक्स चालवायचं. फोन उचलायला गेर्ट ड्यॉरिंगचा एमगेटी हा प्रोग्रॅम, आणि पुढचं पीपीपी (फोन लाइनीवरून इंटरनेटचा डेटा नेण्याची पद्धत) सांभाळायला पीपीपीडी. दोन्ही फुकट, दोन्ही माझ्या हाताखालून गेलेले.

तिसरा, पीसीच्या आत बसणारी मोडेम कार्डं. हा मी लगेच बाद केला. आतल्या मोडेमला दिवे नसतात, आणि एखादा अडकला तर त्याच्या एकट्याची वीज बंद-चालू करता येत नाही.

चौथा, पीआरआय. टेलिफोन कंपनीकडून एकच डिजिटल वाट घ्यायची, जिच्यात ६४ केबीपीएसचे ३० मार्ग असतात आणि कॉलची देवाणघेवाण सांगायला एक वेगळा मार्ग. आपल्या टोकाला डिजिटल मोडेम असलेली पेटी. हिशेब बघणारा भागीदार म्हणाला, "आपल्याला सोळा पाहिजेत आणि तीसचे पैसे भरायचे?" मी मान डोलावली, आणि पाच मिनिटांत तो पर्याय बाजूला पडला. या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच होता, आणि त्यावर आम्ही सगळ्यात कमी वेळ घालवला. कार्ड कोणतं घ्यायचं यावर मात्र आठवडाभर चर्चा चालली होती.

दुसरा पर्याय घेतला : लिनक्स, मल्टिपोर्ट कार्ड, १६ बाहेरचे मोडेम, १६ साध्या लाइनी.

जुळणी

कागदावर हे एका दिवसाचं काम होतं. प्रत्यक्षात पहिला दिवस अडॅप्टरांनी खाल्ला. प्रत्येक मोडेमला स्वतःचा विटेसारखा अडॅप्टर, आणि तो इतका रुंद की सहा सॉकेटांच्या पट्टीवर तीनच बसतात. मोडेम एकावर एक रचून बघितले, तर तासाभरात मधले हाताला चटका लागेल इतके तापले. मग लाकडी फळ्यांचा उघडा मांड, म्हणजे रॅक, केला, एका फळीवर चार मोडेम, मध्ये बोटभर जागा, मागे पंखा. प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर लाइनीचा क्रमांक, त्याच्या वायरीवर तोच क्रमांक, भिंतीवरच्या फोनच्या डबीवर तोच. या तीन चिठ्ठ्यांनी पुढे माझे किती तास वाचवले ते सांगता येणार नाही.

कार्डाला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःचे बफर होते, त्यामुळे इंटरप्टची जुनी कटकट मिटली. पोर्टांचा वेग ११५२०० ठेवला. लाइनीवर ३३.६ केबीपीएस असले तरी मोडेम डेटा दाबून पाठवतो, आणि तो उलगडल्यावर पोर्टाला जास्त वेग लागतो. फ्लो कंट्रोल, म्हणजे डेटा थांबवायची-सोडायची खूण, हार्डवेअरचं. आयपी पत्ते ग्राहकाला न देता लाइनीला दिले, म्हणजे सव्वाशे ग्राहकांना १६ पत्ते पुरले.

पासवर्डच्या बाबतीत थोडा वाद झाला. तो तपासायच्या दोन पद्धती होत्या, पॅप आणि चॅप. पॅपमध्ये ग्राहकाचा पासवर्ड लाइनीवरून उघडा जातो, पण सर्व्हरवर तो कूट करून ठेवता येतो. चॅपमध्ये पासवर्ड लाइनीवरून जातच नाही, पण त्यासाठी सर्व्हरवर तो उघडा ठेवावा लागतो. विक्री बघणाऱ्या भागीदाराला चॅप "जास्त सुरक्षित" वाटत होतं. माझं म्हणणं असं की एका घराची फोन लाइन टॅप झाली तर एक पासवर्ड जाईल, सर्व्हर फुटला तर सगळे जातील. पॅप ठेवलं. हा निर्णय मी आजही तसाच घेईन.

एक गोष्ट मी तेव्हा सहज करून टाकली आणि तिच्याकडे परत यायचं आहे. एमगेटी दर वेळी मोडेमला आरंभीच्या सूचना पाठवतो. मूळ फाइलमधली सूचनांची ओळ मला लांबलचक वाटली. मी ती छाटून फक्त "आपणहून फोन उचलू नकोस" एवढीच सूचना ठेवली. बाकीच्या सेटिंग मी प्रत्येक मोडेमला हाताने दिल्या होत्या, तेवढ्या पुरेशा वाटल्या.

आपणहून उचलू नकोस, यामागे विचार होता. मोडेमला आपोआप उचलायला सांगितलं आणि सर्व्हर बंद पडलेला असला, तर ग्राहकाला किंकाळी ऐकू येते, कॉलचे पैसे लागतात आणि पुढे काहीच होत नाही. त्यापेक्षा सर्व्हरने हो म्हटल्यावरच मोडेमने उचलावं. एका लाइनीपुरता हा विचार अगदी बरोबर आहे. हंटिंगमध्ये तो अंगाशी आला.

पहिला महिना

सर्व्हर सुरू झाला आणि एंगेजच्या तक्रारी त्याच दिवशी थांबल्या. संध्याकाळी पाच-सहा जण जोडलेले दिसायचे, क्वचित आठ. भागीदार खूश होते. "सोळा घेतल्या ते बरं झालं, अर्ध्याही भरत नाहीत," असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो. मला तेव्हाच विचार पडायला हवा होता : कालपरवापर्यंत ज्या ग्राहकांना चार लाइनी पुरत नव्हत्या, ते अचानक इतके कमी कसे झाले?

तिसऱ्या आठवड्यात फोन यायला लागले. तक्रार नवीच होती. "अहो, रिंग वाजते, वाजत राहते, पण पलीकडून कुणी उचलतच नाही." मी लगेच आमच्याच ऑफिसातून नंबर फिरवून बघायचो. पहिल्या फटक्यात लागायचा. सर्व्हरवर बघावं तर चार जण जोडलेले, बारा लाइनी मोकळ्या. मी ग्राहकाला त्याचा मोडेम, त्याची वायर, त्याचं सेटिंग तपासायला सांगायचो. एकाच मिनिटाला एकाचा फोन लागत होता आणि दुसऱ्याचा लागत नव्हता, तेव्हा दोष ग्राहकाच्याच बाजूला असणार असं मी धरून चाललो. असे दहा-बारा दिवस गेले. त्या दिवसांत मी ज्यांना "तुमचा मोडेम दाखवून आणा" असं सांगितलं, त्यांच्यापैकी दोघांनी खरोखर नवा मोडेम घेतला. याचं मला आजही वाईट वाटतं.

वहीची मदत

कोडं सुटलं ते एका निवृत्त शिक्षकांमुळे. ते रागावून फोन करणाऱ्यांतले नव्हते. एका सकाळी ते स्वतः आले आणि शाळकरी वहीचं एक पान माझ्यापुढे ठेवलं. सहा संध्याकाळच्या नोंदी होत्या, वेळ आणि पुढे एकच शब्द. ८.०५ रिंग. ८.०७ रिंग. ८.०८ लागला. ९.४० तुटला. ९.४१ रिंग.

"तुमच्याकडे लाइनी किती आहेत हो?" त्यांनी विचारलं.

"सोळा, सर."

"मग संध्याकाळी सातच्या आधी आणि रात्री अकराच्या नंतर एकदाही असं होत नाही, ते का?"

पान परत पाहिलं. खरंच, एकही अपवाद नव्हता. ग्राहकाचा मोडेम बिघडलेला असता तर तो घड्याळ बघून बिघडला नसता. गर्दी असतानाच कॉल जिथे पोहोचतो अशा कुठल्यातरी लाइनीवर दोष होता.

त्या संध्याकाळी आठ वाजता मी खोलीतला दिवा मालवून मांडासमोर बसलो आणि दुसऱ्या फोनवरून आमचा नंबर फिरवला. पहिल्या दोन मोडेमचे दिवे स्थिर होते, त्यांच्यावर ग्राहक होते. तिसऱ्याचा एक दिवा माझ्या कानातल्या रिंगच्या तालावर लुकलुकायला लागला. फोन उचलल्याचा दिवा मात्र लागेना. दहा रिंग, पंधरा रिंग. आणि तो तसा लुकलुकत असतानाच चौथा मोडेम जागा झाला, फोन उचलला, किंचाळला आणि जोडला गेला. दुसऱ्या कुणाचातरी कॉल होता.

तेवढ्यात सगळं उलगडलं. तिसरा मोडेम अडकला होता, सर्व्हरच्या सूचनांना उत्तर देत नव्हता. पण एक्स्चेंजच्या लेखी ती लाइन मोकळी होती. पहिल्या दोन भरल्या की पुढचा प्रत्येक कॉल एक्स्चेंज तिसरीवरच पाठवणार, कारण क्रमाने ती पहिली मोकळी लाइन. तिथे रिंग वाजत असेपर्यंत ती "भरलेली", म्हणून त्याच मिनिटात आलेला दुसरा कॉल चौथीवर जाऊन सुखाने लागणार. ग्राहकाचा संगणक मिनिटभर वाट बघून सोडून देणार, लाइन पुन्हा "मोकळी" होणार आणि पुढच्या माणसाला गिळणार. दिवसा दोनपेक्षा जास्त ग्राहक नसायचे, म्हणून दिवसा काहीच व्हायचं नाही. आणि माझा तपासणीचा कॉल लागायचा, कारण त्या क्षणी तक्रार करणाऱ्याचाच संगणक मागे तिसऱ्या लाइनीवर रिंग देत बसलेला असायचा.

सर्व्हरच्या नोंदींत यातलं काहीही नव्हतं. जो कॉल मोडेमने कधी कळवलाच नाही, त्याची नोंद सर्व्हर कुठून करणार? एमगेटीच्या त्या पोर्टाच्या फाइलमध्ये "मोडेम उत्तर देत नाही" अशा अर्थाच्या ओळींची रांग मात्र होती. ती फाइल मी उघडली नव्हती. मी फक्त जोडलेल्या ग्राहकांची यादी बघत होतो.

पहिला उपाय आणि त्यातून झालेला दुसरा बिघाड

अडकलेल्या मोडेमची फोनची वायर मी उपसून काढली. वाटलं, लाइन बाद झाली, आता कॉल पुढे जातील. पुन्हा नंबर फिरवला, पुन्हा रिंग. वायर काढली तरी एक्स्चेंजला काय दिसतं? रिसीव्हर जागेवर ठेवलेला फोन. तो रिंग देतच राहतो. हंटिंगमधून लाइन बाजूला काढायची तर ती उचललेली दिसली पाहिजे. कपाटात एक जुना फोन पडला होता. तो तिसऱ्या डबीला लावला आणि रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. थोडा वेळ त्यातून टोन येत राहिला, मग शांत झाला. पुढचा कॉल थेट चौथ्या लाइनीवर गेला.

रात्री गर्दी ओसरल्यावर तिसऱ्या मोडेमची वीज बंद-चालू केली. तो शहाण्यासारखा उत्तर द्यायला लागला. फोन काढून मोडेम परत लावला आणि मी निर्धास्त घरी गेलो.

दोन दिवसांनी तिसरी लाइन पुन्हा तशीच. या वेळी मोडेम ठणठणीत होता. सर्व्हरच्या यादीत त्या लाइनीवर एक ग्राहक चार तासांपासून जोडलेला दिसत होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, वीज गेली तेव्हाच संगणक बंद झाला होता.

इथे माझी ती छाटलेली ओळ आडवी आली. पलीकडचा माणूस गेला की मोडेमने "कॅरियर (पलीकडच्या मोडेमचा सूर) गेला" असं एका वायरीवरून सर्व्हरला कळवायचं असतं. ते कळवायचं की नाही, हे मोडेमच्या सेटिंगवर ठरतं. ते सेटिंग मी हाताने दिलं होतं, पण मोडेमच्या कायमच्या स्मृतीत साठवलं नव्हतं. वीज बंद-चालू केल्यावर मोडेम कारखान्यातल्या सेटिंगवर गेला, आणि तिथे "कॅरियर कायम आहे" असंच दाखवायची रीत होती. ग्राहकाने नीट डिस्कनेक्ट केलं तर पीपीपीचा निरोप येऊन सर्व्हर लाइन सोडायचा. अचानक तुटलं तर सर्व्हरला कधीच कळायचं नाही. सर्व्हरच्या मते लाइन भरलेली, एक्स्चेंजच्या मते मोकळी. कारण वेगळं, परिणाम तोच.

मग काय केलं

आरंभीच्या सूचनांची पूर्ण ओळ परत आणली, म्हणजे मोडेम कुठल्याही अवस्थेत असला तरी प्रत्येक कॉलनंतर सगळ्या सेटिंग नव्याने मिळणार. त्याच सेटिंग सोळाही मोडेमच्या स्मृतीत साठवल्या. पीपीपीडीला दर ३० सेकंदांनी पलीकडे "आहेस का?" विचारायला सांगितलं. चार वेळा उत्तर नाही आलं की लाइन सोडायची. आता मेलेला कॉल साधारण दोन-अडीच मिनिटंच लाइन अडवणार होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटलेली. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी दर पाच मिनिटांनी प्रत्येक पोर्टावर शेवटचा कॉल कधी आला ते बघायची. हंटिंग क्रमाने होतं, त्यामुळे मोकळी असलेली तिसरी लाइन गप्प आणि चौथीवर मात्र कॉल येत आहेत, असं निरोगी अवस्थेत फारसं होऊच शकत नाही. तसं दिसलं की सर्व्हर भोंगा वाजवायचा. पहिल्या पंधरवड्यात भोंगा तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा खरा निघाला.

टेलिफोन कंपनीकडे हंटिंग बदलून मागितलं. क्रमाने न जाता फिरतं, म्हणजे मागचा कॉल जिथे गेला त्याच्या पुढच्या लाइनीपासून शोध सुरू. त्याचे दोन फायदे. एक लाइन मेली तरी सोळातला एखादाच कॉल वाया जातो, आणि पुन्हा फिरवल्यावर तो पुढे लागतो. शिवाय क्रमवार हंटिंगमध्ये पहिले दोन-तीन मोडेम दिवसभर राबतात आणि शेवटचे थंड पडून असतात. पहिले तीन सर्वांत जास्त तापायचे, आणि अडकायचेही तेच. बदल व्हायला तीन आठवडे लागले. त्यानंतर भोंग्याचा नियम सोपा केला : कुठलीही लाइन संध्याकाळी दोन तास गप्प राहिली तर बघा.

५६ केचा प्रश्न

हे प्रकरण मिटतं तोवर ग्राहकांची दुसरी तक्रार पुढे आली. व्ही.९० हे ५६ केबीपीएसच्या मोडेमचं मानक १९९८ मध्ये ठरलं आणि "५६ के" लिहिलेले मोडेम सगळीकडे दिसायला लागले. ग्राहक ते घ्यायचे आणि पडद्यावर ३१२०० किंवा ३३६०० बघून आम्हाला फोन करायचे.

आमच्या मांडावरच्या सोळाही मोडेमवर ५६ के लिहिलेलं होतं. घेताना विक्री बघणारा भागीदार म्हणाला होता, दोन्ही टोकांना ५६ के असलं की ५६ के मिळेल. मला शंका होती, पण मी मानक नीट वाचलं नव्हतं आणि जास्तीचे पैसे देऊन तेच घेतले. ते ५६ केने कधीच जोडले जाणार नव्हते. टेलिफोन एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येक ८ बिटांचा, म्हणजे ६४ केबीपीएस. त्यातले ७ बिट भरवशाचे धरले की ५६. पण हे मोजमाप उलगडण्याची युक्ती तेव्हाच चालते, जेव्हा सेवा देणाऱ्याकडून निघालेला डेटा थेट डिजिटल रूपात एक्स्चेंजमध्ये शिरतो आणि वाटेत फक्त ग्राहकाच्या टोकाला एकदाच अ‍ॅनालॉग होतो. आमच्या सोळा साध्या लाइनींवर तो आमच्याच टोकाला आधी अ‍ॅनालॉग होत होता. अशा वाटेवर व्ही.३४ या आधीच्या मानकाची ३३.६ हीच कमाल.

म्हणजे ज्या पीआरआयला आम्ही पाच मिनिटांत नकार दिला, तिच्यासारख्या डिजिटल वाटेशिवाय ५६ के शक्यच नव्हतं. ग्राहकांना मी हे खरं तसं सांगितलं, की दोष तुमच्या मोडेमचा नाही, आमच्या लाइनींचा आहे. काही जण दुसऱ्या सेवेकडे गेले. बहुतेक थांबले.

निकाल

सुरू झाल्यापासून चौदाव्या महिन्यात आम्ही पीआरआय घेतली. तोवर ग्राहक दोनशेच्या पुढे गेले होते, आणि एर्लांगच्या सूत्राचा दुसरा गुण कामी आला : १६ लाइनींवर शंभरात एक एंगेजच्या हिशेबाने सरासरी पावणेनऊ कॉल बसतात, ३० वर वीसच्या वर. लाइनी दुप्पटही नाहीत, क्षमता दुपटीहून जास्त.

५६ केपेक्षा मला जास्त समाधान वेगळ्याच गोष्टीचं होतं. पीआरआयवर मोडेम कुठल्याही एका लाइनीला बांधलेला नसतो. कॉल आल्याचं वेगळ्या मार्गावरून कळतं, पेटी हाताशी असलेला कुठलाही मोकळा, धडधाकट मोडेम त्याला देते. एखादा मेला तर तो रांगेतून वगळते. मोकळा नसेलच, तर एक्स्चेंजला स्पष्ट "एंगेज" सांगते. लाइन मोकळी आहे की नाही, याचं उत्तर आता एकच होतं. भोंगा मी काढून टाकला. पासवर्ड आणि वेळेचा हिशेब त्याच सुमारास रेडियस या एकाच जागी तपासणी करणाऱ्या व्यवस्थेवर नेला, म्हणजे जुनी आणि नवी अशा दोन्ही पेट्यांना एकच यादी.

काय वेगळं करता आलं असतं

पैसे नव्हते, म्हणून पीआरआय पहिल्या दिवशी घेता आली नसती, हे मी आजही मानतो. पण ती का नाकारतोय हे कागदावर लिहिलं असतं, तर "५६ के मिळणार नाही" ही ओळ त्यात आली असती. ५६ के मोडेमवरचे जास्तीचे पैसे वाचले असते, आणि ग्राहकांना आधीच सांगता आलं असतं.

कार्डावर घालवलेल्या आठवड्यातला एक दिवस मी टेलिफोन कंपनीच्या लाइनमनबरोबर घालवायला हवा होता. न उचलणाऱ्या लाइनीचं हंटिंगमध्ये काय होतं, वायर काढली की एक्स्चेंजला काय दिसतं, हंटिंग किती प्रकारचं असतं, हे त्याने चहाच्या वेळात सांगितलं असतं. मी या सगळ्याकडे संगणकाचं काम म्हणून बघत होतो. त्यातलं निम्मं टेलिफोनचं होतं.

एंगेज थांबले आणि लाइनी रिकाम्या दिसल्या, तेव्हा आम्ही ते यश मानलं. तेव्हाच बाहेरच्या फोनवरून एका संध्याकाळी वीस वेळा नंबर फिरवून प्रत्येक वेळी काय होतं ते लिहून ठेवलं असतं, तर पहिल्याच आठवड्यात दोष सापडला असता. शिक्षकांनी जे वहीत केलं ते माझं काम होतं. पुढे प्रत्येक शुक्रवारी मी ते करत गेलो, पीआरआय आल्यावरही.

ज्या दोघांनी माझ्या सांगण्यावरून नवे मोडेम घेतले, त्यांना आम्ही तीन-तीन महिन्यांची सेवा फुकट दिली आणि कारण लेखी कळवलं. जुना फोन मांडाच्या कडेला शेवटपर्यंत ठेवला होता, रिसीव्हर जागेवर, वायर गुंडाळलेली, वर पांढऱ्या पट्टीवर लिहिलेलं : "मोडेम अडकला तर आधी हा लावा, मग मला फोन करा."